मतदान कार्ड हातात आहे पण यादीत नाव नाही, तर नक्की काय झालं आणि आता काय करायचं

प्रश्न असा आलाय. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या मतदानाला आई नेहमीच्या शाळेत गेली, मतदान कार्ड हातात, २०१९ ला त्याच शाळेत मतदान केलेलं, आणि खोलीतल्या माणसाने यादी चाळून सांगितलं की बाई तुमचं नाव नाहीये. आई घरी आली आणि दोन दिवस धड जेवली नाही. विचारणाऱ्याचं स्वतःचं नाव अजून गावाकडे आहे, राहतो पुण्यात भाड्याने, तर त्याने काय करावं हा दुसरा भाग. आणि शेवटी लिहिलंय की एका मताने असा काय फरक पडणारे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. ११ वर्षं बीएलओचं (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं) काम केलं, म्हणजे एका यादी भागाची घरोघर फिरून पडताळणी, नवीन नावं, मयत नावं, सगळं, आणि मतदानाच्या ड्युट्या तर नोकरीला लागल्यापासून, आधी मतदान अधिकारी आणि नंतर केंद्राध्यक्ष म्हणून. त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने सांगते. आई दोन दिवस जेवली नाही हे वाचून मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही, नाव नाही म्हटल्यावर माणसाचा चेहरा कसा पडतो ते मी समोर बसून पुष्कळ वेळा बघितलंय.

आधी मूळ गोष्ट, कारण सगळा घोळ इथेच होतो. मतदान कार्ड हे फक्त ओळखपत्र आहे. मत देता येतं ते यादीत नाव असेल तर, लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ६२ मध्ये ते सरळ लिहिलंय. म्हणून कार्ड असून यादीत नाव नसेल तर केंद्राध्यक्षाच्या हातात काहीच नसतं, त्याला दया आली तरी तो मशीनचं बटण देऊ शकत नाही. आणि याच्या उलटंही खरं आहे जे लोकांना माहीत नसतं, यादीत नाव आहे पण कार्ड हरवलंय तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, फोटोवालं पेन्शनचं कागदपत्र असं १२ पैकी काहीही एक चालतं. कार्ड सापडत नाही म्हणून घरीच बसलेली माणसं मला दर निवडणुकीनंतर भेटायची आणि मला फार वाईट वाटायचं. फक्त घरी वाटतात ती मतदार चिठ्ठी एकटी चालत नाही, ती नुसती माहितीसाठी असते.

आता आईचं नाव. खरंच कमी झालंय की दुसऱ्या खोलीत गेलंय हे आधी बघा. एका केंद्रावर जास्तीत जास्त किती मतदार ठेवायचे याची मर्यादा असते, २०२४ ला ती १५०० होती, २०२५ मध्ये आयोगाने १२०० केली, त्यामुळे केंद्रं फुटतात, सोसायटीच्या दोन विंग दोन शाळांत जातात, एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या खोल्यांत जातात. खोलीतल्या पहिल्या मतदान अधिकाऱ्यासमोर फक्त त्याच एका भागाची यादी असते, तो 'नाव नाही' म्हणाला म्हणजे 'या भागात नाही' एवढंच. गर्दीत तो हे समजावत बसत नाही. शाळेच्या गेटजवळ बीएलओ टेबल टाकून बसलेला असतो, त्याच्याकडे वर्णानुक्रमे लावलेली यादी असते, तिथे जाऊन विचारायचं. आणि आता घरी बसून निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर किंवा ॲपवर आधी एपिक नंबर टाकून शोधा, म्हणजे कार्डावरचा तो अक्षरं-आकड्यांचा नंबर. त्याने नाही सापडलं तर नावाने, आणि नाव वेगवेगळ्या तऱ्हेने लिहून शोधा, कारण याद्यांमध्ये टायपिंगच्या चुका भरपूर, मी स्वतः 'शकुंतला' चार प्रकारे लिहिलेलं बघितलंय. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव टाकून पण बघा.

तरी नाही सापडलं तर नाव वगळलं गेलंय. का, तर कारणं साधारण ठरलेली आहेत. मयत, स्थलांतरित, दुबार, किंवा कोणीतरी फॉर्म ७, म्हणजे नाव वगळायचा फॉर्म, भरून हरकत घेतली. यातलं स्थलांतरित हे सगळ्यात धोक्याचं आणि ते कसं होतं ते मला माझ्याच चुकीतून कळलं. माझ्या भागात एका गल्लीत एक आजी एकट्या राहायच्या. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा कुलूप. शेजारीण म्हणाली, त्या गेल्या, आता काही येत नाहीत इकडे. मी रजिस्टरला 'स्थलांतरित' लिहिलं. आजी मुलीच्या बाळंतपणाला नगरला गेल्या होत्या, तीन-साडेतीन महिन्यांसाठी. परत आल्या, निवडणुकीच्या दिवशी पदराला कार्ड बांधून केंद्रावर आल्या आणि नाव नव्हतं. मला घरी येऊन एवढंच म्हणाल्या, बाई, मी जिवंत आहे ना. त्यानंतर मी शेजाऱ्याच्या तोंडी शब्दावर एकही नाव खाली लिहून दिलं नाही, तिसरी चक्कर मारायची, मोबाईल नंबर शोधायचा, किराणा दुकानात विचारायचं. पण सगळे बीएलओ हे करतातच असं नाही, त्यांच्यावर शाळेचं काम असतं, १२००-१५०० नावांचा भाग असतो, आणि शहरात दार कोणी उघडत नाही.

कायद्याने मात्र असं परस्पर नाव काढता येत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २२ प्रमाणे कोणी राहायला दुसरीकडे गेला या कारणाने नाव काढायचं असेल तर त्या माणसाला आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. १९९५ ला सुप्रीम कोर्टात लालबाबू हुसेन हे प्रकरण गेलं होतं, मुंबई आणि दिल्लीतल्या मतदारांना नागरिकत्व सिद्ध करायच्या नोटिसा दिल्या होत्या त्यावरून, तेव्हा कोर्टाने सांगितलं की जे नाव आधीपासून यादीत आहे ते योग्य पद्धतीनेच आलंय असं धरून चालायचं आणि काढायचं तर नोटीस, सुनावणी सगळं नीट करायचं. २०१४ च्या लोकसभेला पुण्यात आणि मुंबईत ढिगाने नावं गायब निघाली, लोक रस्त्यावर आले, आणि निवडणूक आयुक्त ब्रह्मा यांनी मुंबईच्या मतदारांची जाहीर माफी मागितली. बिहारमध्ये २०२५ ला विशेष सखोल पुनरीक्षण झालं, म्हणजे घरोघर फॉर्म देऊन सगळी यादी नव्याने तपासली, तेव्हा प्रारूप यादीतून ६५ लाखांच्या आसपास नावं बाहेर राहिली आणि सुप्रीम कोर्टाने त्या नावांची यादी कारणासकट जाहीर करायला लावली. म्हणजे नाव का गेलं हे विचारणं हा तुमचा हक्क आहे, तहसील कचेरीत मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या शाखेत जाऊन लेखी विचारा, पोच घ्या. नोटीस कधी, कोणत्या पत्त्यावर काढली आणि ती कोणी घेतली हे पण विचारा. माझा अनुभव असा की लेखी विचारलं की फाईल निघते, तोंडी विचारलं की पुढच्या आठवड्यात या असं होतं. आणि असं सखोल पुनरीक्षण आपल्याकडे ज्या वेळी असेल तेव्हा बीएलओ घरी जो गणना फॉर्म देतो तो टीव्हीच्या मागे ठेवून विसरू नका, भरून परत द्या आणि एका प्रतीवर सही घ्या.

बायकांच्या नावाबद्दल वेगळं लिहायला हवं कारण आपल्याकडे हा त्रास सगळ्यात जास्त तिथे आहे. देशाची पहिली यादी केली तेव्हा, १९५१-५२ च्या निवडणुकीआधी, खूप बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच, आणि सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते, त्यांनी ठरवलं की नाव नाही तर नोंद नाही, त्यामुळे साधारण २८ लाख बायका त्या पहिल्या निवडणुकीत यादीबाहेर राहिल्या. कठोर वाटतं पण पुढच्या निवडणुकीला बायकांनी नावं सांगितली. आता नाव सांगतात, पण लग्न झालं की बदलतं. माहेरचं नाव कमी करायला कोणी फॉर्म भरत नाही आणि सासरी नोंद करायला सासरचे म्हणतात बघू नंतर, आणि आपल्याकडे तर आडनाव, मधलं नाव आणि कधीकधी पहिलं नावसुद्धा बदलतं. आधारवर माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं, यादीत तिसरंच. मग दुबार नावं शोधतात तेव्हा एकच फोटो दोन नावांनी दिसतो आणि दोन्हीतलं नेमकं चुकीचं नाव राहतं. माझ्या भागात नवीन सून आली की मी हळदी-कुंकवाच्या वेळी फॉर्म घेऊन जायचे, कारण तेव्हा ती घरात सापडायची आणि सासूसमोरच तिला विचारायचे, तुझं नाव कुठल्या गावच्या यादीत आहे गं. लग्न होऊन ६ वर्षं झालेल्या मुली सांगायच्या की अजून एकदाही मत दिलं नाही. हे आळसामुळे होत नाही, तिचे कागद दुसऱ्याच्या कपाटात असतात म्हणून होतं. तुमच्या आईच्या बाबतीत पण हे तपासा, आधारवर आणि जुन्या कार्डावर नाव एकच आहे का.

केंद्रावर अजून एक परिस्थिती येते जी आईच्या बाबतीत नव्हती पण लिहून ठेवते. नाव आहे, पण तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलंय. एका लोकसभेला साडेतीनच्या सुमारास सत्तरीचे एक वारकरी बाबा आले, गळ्यात माळ, टोपी हातात घेतलेली. पहिल्या अधिकाऱ्याने नाव काढलं तर त्यावर लाल रेघ मारलेली, म्हणजे मत होऊन गेलंय. बाबांचं बोट कोरं. ते काहीच बोलेनात, नुसतं बोट पुढे धरून उभे राहिले. मी त्यांना खुर्ची दिली, दोन-चार प्रश्न विचारून ओळखीची खात्री केली आणि टेंडर मत दिलं, नियम ४९-पी. मशीन नाही मिळत त्यात, छापील मतपत्रिका मिळते, मागे टेंडर मतपत्रिका असा शिक्का, बाण-फुलीच्या शिक्क्याने मत करायचं, घडी करून केंद्राध्यक्षाकडे द्यायचं, वेगळ्या पाकिटात सील होतं आणि १७-बी या यादीत सही. प्रत्येक केंद्रावर अशा २० मतपत्रिका दिलेल्या असतात. ही मतं मोजणीच्या दिवशी मोजत नाहीत, पुढे कोर्टात प्रकरण गेलं तरच कामाला येतात, पण तोतया मत झालं होतं याचा तो कायमचा लेखी पुरावा असतो. बाबांना हे मी खरं खरं सांगितलं. ते म्हणाले, चालेल, कागदावर तरी माझं राहू द्या. म्हणून कोणी 'तुमचं झालंय, जा' म्हटलं तर जायचं नाही, टेंडर मत मागायचं, मागणं हा हक्क आहे. तसंच एएसडी म्हणजे गैरहजर-स्थलांतरित-मयत अशी वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडे असते, त्यात नाव असलं तरी मूळ यादीतून वगळलेलं नसेल तर ओळख पटवून, अंगठा घेऊन मत देता येतं. एएसडी यादीत असणं आणि वगळलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नवीन केंद्राध्यक्ष इथे गडबडतो, तेव्हा झोनल अधिकाऱ्याला फोन लावायला सांगा.

आता तुमचं स्वतःचं. कायदा म्हणतो की माणूस जिथे सर्वसाधारणपणे राहतो तिथे नाव. नुसतं गावाला घर आहे, शेत आहे, एवढ्याने चालत नाही, हे १९५० च्या कायद्याच्या कलम २० मध्ये आहे. आणि त्याच कलमात हेही आहे की तात्पुरतं बाहेर गेल्याने नाव जात नाही. हे दुसरं वाक्य ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी जीव की प्राण आहे. बीडकडची, नगरकडची माणसं दिवाळीच्या आगेमागे जातात आणि मार्चपर्यंत फडावर असतात, म्हणून त्यांची नावं काढता येत नाहीत, ती गावचीच. पण नाव राहूनही मत देता येत नाही ही खरी अडचण, २०२४ ला गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला धरला आणि मतदान २० ला, टोळ्या निघून गेल्यावर कोण कोयता खाली ठेवून दोनशे-तीनशे किलोमीटर परत येणार, खर्च कोण देणार. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायची हे १९५१ च्या कायद्याच्या कलम १३५-बी मध्ये आहे, रोजंदारीवाल्यालाही लागू आहे, पण उचल घेतलेल्या जोडप्याला ती सुट्टी कोण देतं. मला या एका गोष्टीचा मनापासून राग आहे. निवडणूक ड्युटीवरच्या आम्हा लोकांना टपाली मत मिळतं, सैनिकांना मिळतं, आणि लाखो ऊसतोड कामगारांसाठी अजून काही नाही.

तुम्ही मात्र पुण्यात कायमचे राहताय, तर फॉर्म ८ भरा आणि नाव इकडे हलवा. ऑगस्ट २०२२ पासून दुसऱ्या मतदारसंघात जायचं असलं तरी फॉर्म ८ च, आधी फॉर्म ६ लागायचा तो गोंधळ गेला. पत्त्याला रजिस्टर्ड भाडेकरार चालतो, लाईटबिल घरमालकाच्या नावावर आहे म्हणून अडून बसू नका. आणि दोन्हीकडे नाव ठेवू नका, इकडे नवीन म्हणून अर्ज केला आणि गावचं नाव लपवलं तर खोटं निवेदन होतं, त्याला १९५० च्या कायद्याच्या कलम ३१ खाली १ वर्षापर्यंत शिक्षा आहे. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात तेलंगणच्या सीमेवर १४ गावं आहेत, दोन्ही राज्यं आपली म्हणतात म्हणून तिथल्या लोकांकडे दोन दोन कार्डं आहेत, पण ती त्यांच्यावर लादलेली परिस्थिती आहे, तुमची तशी नाही. गावच्या ग्रामपंचायतीला मत द्यायचं म्हणून नाव गावी ठेवणारे खूप आहेत, भावना मला समजते, पण मग पुण्यात पाणी, कचरा, बसचा प्रश्न आला की तुम्ही कोणाचेच मतदार नसता.

महापालिका, झेडपी, ग्रामपंचायत या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तो वेगळा, पण स्वतःची नवीन यादी करत नाही, विधानसभेचीच यादी एका तारखेला धरून प्रभागवार फोडतो. २०२५-२६ च्या निवडणुकांना १ जुलै २०२५ ची यादी धरली आणि संशयित दुबार नावांपुढे दोन चांदण्या टाकल्या. म्हणजे विधानसभेच्या यादीत नाही तर कुठेच नाही, आणि प्रभाग यादी लागल्यावर नवीन नाव घाला म्हणून कितीही भांडलात तरी उपयोग नाही, तिथे फक्त प्रभाग चुकला वगैरे हरकत घेता येते.

वेळेचं गणित पण असंच. १८ पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षातून चार वेळा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, आणि १७ पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो. पण उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादी गोठते. अर्ज आल्यावर हरकतींसाठी ७ दिवस ठेवावे लागतात म्हणून त्या तारखेच्या १० दिवस आधी तरी अर्ज गेलेला हवा. आचारसंहिता लागली की लोक जागे होतात, कचेरीत रांग लागते. जून-जुलैत मी टेबल टाकून बसायचे तेव्हा दिवसभरात चार माणसं यायची नाहीत.

टक्केवारीवरून शहरी माणसाला सगळे नावं ठेवतात, २०२४ च्या विधानसभेला कोल्हापूरच्या करवीरमध्ये ८४ टक्क्यांच्या वर आणि मुंबईच्या कुलाब्यात निम्मंसुद्धा नाही. यात उदासीनता आहेच, मी नाकारत नाही. पण यादी सांभाळलेला माणूस अजून एक गोष्ट बघतो, शहराच्या यादीत मेलेली, विकून गेलेली, भाडं सोडून गेलेली नावं किती पडून आहेत. मतं भागिले यादी म्हणजे टक्केवारी, यादीच फुगलेली असेल तर टक्का खालीच दिसणार. गावात कोण वारलं ते दुसऱ्या दिवशी बीएलओला कळतं, टॉवरमध्ये तीन वर्षं कळत नाही. घरातलं माणूस गेलं की फॉर्म ७ भरा, मनाला जड जातं मला माहितीये, पण ते नाव तसंच राहिलं तर त्यावर कोणीतरी बोटाला शाई लावून जाऊ शकतं.

एका मताने काय होतं विचारलंत. राजस्थानात नाथद्वाराला २००८ ला सी. पी. जोशी एका मताने हरले, ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६, आणि ते प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा टेंडर मतांवरच खल झाला. आपल्याकडे २०२४ ला लोकसभेची मुंबई उत्तर-पश्चिमची जागा ४८ मतांनी ठरली, तिथेही तोतया मतदानाचा मुद्दा घेऊन याचिका झाली आणि हायकोर्टाने ती फेटाळली. विधानसभेला मालेगाव मध्य १६२ मतांनी, साकोली २०८ नी, बेलापूर ३७७ नी. एका बीएलओच्या एका भागातली चुकून वगळलेली नावं धरली तरी हे आकडे गाठता येतील, मी अतिशयोक्ती करत नाहीये.

तर आईसाठी आता असं करा. वगळल्याचं कारण लेखी मागा आणि उत्तराची वाट न बघता त्याच दिवशी फॉर्म ६ भरा, वगळलेलं नाव परत घ्यायला तोच लागतो. जन्मतारखेचा आणि राहण्याचा पुरावा, एक फोटो, घरातल्या कोणाचा तरी एपिक नंबर म्हणजे नाव त्याच भागात पडेल. जुन्या कार्डाची झेरॉक्स सोबत जोडा. ऑनलाइन भरलात तर रेफरन्स नंबर लिहून ठेवा, बीएलओ पडताळणीला येईल तेव्हा आई घरी असू द्या, नसेल तर शेजाऱ्यांना सांगून ठेवा की त्या इथेच राहतात. अर्ज फेटाळला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथेही नाही झालं तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. काही अडलं तर १९५० या हेल्पलाइन नंबरवर फोन. आईचं वय ८५ च्या वर असेल किंवा ४० टक्के अपंगत्व असेल तर पुढच्या लोकसभा-विधानसभेला फॉर्म १२-डी भरून घरी मतदान मागता येतं, अधिसूचना निघाल्यापासून ५ दिवसांत. पण मला वाटतं त्यांना विचारून बघा, ज्या बाई नाव नाही म्हणून जेवल्या नाहीत त्या बहुतेक रांगेत उभं राहूनच मत देतो म्हणतील. नाव आलं की भाग क्रमांक आणि अनुक्रमांक एका कागदावर लिहून कार्डाच्या पाकिटात ठेवा, आणि दरवर्षी जानेवारीत अंतिम यादी लागली की तो कागद यादीशी ताडून बघा.